बाबांनी कानाचं मशीन कपाटात ठेवून दिलंय (म्हातारपणी कान-डोळे-नाक-तोल यावर अनुभव सांगा)

मेतकूट_भात

माझे बाबा ७८, आई ७३, दोघं सांगलीत, मी पुण्यात. गेल्या दिवाळीत बाबांना दोन्ही कानांची मशीन घेतली, चांगली महागातली, शहरातल्या एका दुकानातून. सुरुवातीला हौसेनं लावली आणि आता ती डबी कपाटात आईच्या बांगड्यांच्या शेजारी असते. पाहुणे आले की बाहेर येते, पाहुणे गेले की परत आत. विचारलं तर म्हणतात मला नीट ऐकू येतं, तुम्हीच पुटपुटता.

टीव्ही एवढा मोठा असतो की शेजारच्यांना मालिका बघायला टीव्ही लावावा लागत नाही. आईचा घसा बसलेला असतो कायम. परवा आई स्वयंपाकघरातून म्हणाली साखर संपलीये, तर हे म्हणाले भाकर कशाला, पोळ्या आहेत की! आम्ही हसलो, ते चिडले आणि मग दिवसभर अबोला. सकाळचा बागेतला कट्टा सोडलाय, भजनाला जात नाहीत, पेपर घेऊन बसून असतात. आईचं म्हणणं आहे की ते विसरायला लागलेत. मला वाटतं ऐकूच येत नसेल तर लक्षात काय राहणार. पण खात्री नाही.

मशीन वापरायला कसं लावायचं? आणि आईलाही हल्ली संध्याकाळी जिना उतरताना भीती वाटते, तेही आहेच. कान, डोळे, वास, तोल, ज्याला जो अनुभव असेल तो इथेच लिहा, वेगळे धागे नकोत.

ढब्बू_मिरची

+१. आमच्याकडे सासरे. मशीन शर्टाच्या खिशात असतं आणि खिशात बसून कुंई कुंई शिट्टी मारतं, ती सगळ्या घराला ऐकू येते त्यांना सोडून. वाचतेय.

कर्णोपकर्णी

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकणं तपासून मशीन बसवून देणारी, रोज हेच बघते म्हणून जरा लांबण लावते.

साखरेची भाकर झाली यात तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. वयानुसार कान जातो तो सगळा एकसारखा जात नाही, आधी बारीक पट्टीचे आवाज जातात. आपल्या बोलण्यात आ, ओ, ऊ हे स्वर जाड पट्टीत असतात आणि त्यांना जोरही असतो, ते शेवटपर्यंत ऐकू येतात. स, श, फ, थ, त, क ही व्यंजनं बारीक आणि हलकी, ती आधी गळतात. म्हणजे बाबांना आवाज ऐकू येतो, कुणीतरी बोललं हे कळतं, पण शब्द कळत नाही, आणि मग मेंदू अंदाजानं रिकामी जागा भरतो. म्हणून ते 'मला ऐकू येतं, तुम्ही पुटपुटता' म्हणतात तेव्हा खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच तसंच वाटतं. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज जास्त अवघड जातात ते याच कारणानं. नवऱ्याला फक्त बायकोचंच ऐकू येत नाही हा विनोद नसतो बरेचदा.

ओरडून उपयोग होत नाही. ओरडताना आपण स्वरच मोठे करतो, व्यंजनं तिथेच राहतात. रेडिओचं स्टेशन नीट लागलेलं नसताना नुसता आवाज वाढवला की खरखर वाढते, तसं. त्यात आतल्या कानातल्या पेशी गेल्या की आणखी एक गंमत होते, हळू आवाज ऐकूच येत नाही आणि थोडा मोठा झाला की एकदम टोचतो. 'मोठ्यानं बोल' आणि 'ओरडतेस कशाला' ही दोन वाक्यं एका मिनिटात ऐकली असतील तर ती त्यामुळे.

आता मशीन. आधी एवढं बघा. (१) कानात मळ आहे का ते ईएनटीकडून बघून घ्या, निम्मी भांडणं तिथेच मिटतात. (२) ऑडिओग्रामचा कागद आहे का तुमच्याकडे? आलेख असतो तो, आडवी पट्टी ५०० हर्ट्झ, १०००, २०००, ४०००, आणि खाली खाली जाणारी रेघ. दुकानदारानं तो दिला नसेल तर मागून घ्या. (३) मशीन दिल्यावर पुन्हा सेटिंग करायला किती वेळा बोलावलं? एकदाही नाही असं असेल तर मशीनचा दोष नाही, बाबांचाही नाही.

मेतकूट_भात

एकदाही नाही. कागद पण नाही दिला. बिल दिलंय फक्त.

खडूस_काका

वय ७४. माझे दोन्ही कान गेलेत आणि दोन्ही कानांत मशीन आहे. हा धागा वाचतोय आणि गंमत वाटतेय, सगळे आमच्याबद्दल आम्ही खोलीत नसल्यासारखे बोलताय. घरी पण असंच असतं.

तेव्हा आमच्या बाजूनं ऐका. मला पहिल्यांदा संशय आला तो रातकिड्यांवरून. एका पावसाळ्यात रातकिडे बंद झाले. मला वाटलं आजूबाजूला शेतं राहिली नाहीत म्हणून असेल. मग थर्मामीटरचा बीप गेला, मायक्रोवेव्हचा गेला, मोबाईलची बारीक रिंग गेली. हे काही हळूहळू दुखत वगैरे जात नाही, त्यामुळे गेलंय हे कळायला काही कारणच नसतं.

मग लग्नकार्यं. मंगल कार्यालय म्हणजे बहिऱ्याचा नरक. वर पत्र्याचं छत, खाली फरशी, स्टीलच्या ताटांचा खणखणाट, बँड, माईक, आणि त्यात कुणीतरी येऊन कानाशी बोलतो. मी काय करायचो तर हसून मान हलवायची आणि 'वा वा, छान' म्हणायचं. एका लग्नात एक जुना सहकारी भेटला, बराच वेळ बोलला, मी वा वा केलं. नंतर कळलं की तो थोरला भाऊ गेल्याचं सांगत होता. त्यानंतर मी दोन वर्षं कुठल्याही कार्याला गेलो नाही, घरी सांगायचो गुडघे दुखतात. मेतकूट, तुमच्या वडिलांनी कट्टा का सोडला याचं कारण बागेत शोधा, स्वभावात नको.

आणि सगळ्यात जास्त काय लागतं सांगू? दोनदा 'काय?' विचारल्यावर समोरचा म्हणतो 'जाऊ दे, काही नाही'. म्हणजे सांगण्यासारखं होतं पण तुमच्यावर तेवढी मेहनत करायची नाही. नातवंडांनी केलं तर काही वाटत नाही, बायकोनं केलं की वाटतं.

ढब्बू_मिरची

काका _/\_
आज घरी सगळ्यांना सांगते, 'जाऊ दे' बंद.

सडेतोड

मला कळत नाही एवढं काय. वय झालं की कान जाणार, डोळे जाणार, निसर्गनियम आहे. आमचे आजोबा ९१ पर्यंत जगले, बहिरे ठार, कुणी त्यांना मशीन घेतलं नाही आणि ते मजेत होते. हे सगळं मशीनवाल्यांचं मार्केट आहे. लाख लाख रुपये घेतात आणि आता नवीन काढलंय की मशीन लावलं नाही तर डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होतो. घाबरवून विकायचं.

खडूस_काका

आजोबा मजेत होते हे आजोबांनी सांगितलं का तुम्ही ठरवलंत?

कर्णोपकर्णी

सडेतोड, किंमतीबद्दल तुमच्याशी अर्धी सहमत. मशीनचं अर्धं मूल्य त्या वस्तूत आणि अर्धं नंतरच्या बसवण्यात असतं आणि बरेच ठिकाणी दुसरं अर्धं मिळतच नाही, पैसे मात्र पूर्ण घेतले जातात.

डिमेन्शियाचं मात्र नीट सांगते कारण दोन्ही बाजूंनी काहीही बोललं जातं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ साली डिमेन्शियाचे टाळता येण्यासारखे १४ धोके मांडले, त्यात मध्यमवयातली ऐकण्याची घट आहे, आणि त्या वर्षी डोळ्यांची दुर्लक्षित राहिलेली घटही नव्यानं घातली. म्हणजे संबंध आहे. पण मशीन लावलं की डिमेन्शिया थांबतो का? त्यावर अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली, अचीव्ह नावाची, २०२३ ला निष्कर्ष आले. ७० ते ८४ वयाचे ९७७ लोक, निम्म्यांना मशीन आणि समुपदेशन, निम्म्यांना आरोग्याची सर्वसाधारण माहिती, तीन वर्षं. सगळे मिळून पाहिलं तर बुद्धीच्या घसरणीत काही फरक दिसला नाही. ज्यांना आधीपासून जास्त धोका होता त्या गटात मात्र घसरण ४८ टक्क्यांनी मंद झाली. आता यातून जो दुकानदार 'मशीन घ्या नाहीतर विसराल' म्हणतो तो विकतोय, आणि जो 'काही उपयोग नाही' म्हणतो त्यानं अर्धंच वाचलंय. मी मशीन द्यायला सांगते ते माणसानं पुन्हा बोलायला लागावं म्हणून. एवढं कारण पुरे आहे.

मेतकूट, आईला 'विसरतात' वाटतंय ते तपासायला न्या, पण आधी कान नीट करून मग न्या. स्मरणशक्तीच्या चाचण्या तोंडी असतात, पाच शब्द सांगतात आणि परत विचारतात. जे शब्द ऐकूच आले नाहीत ते आठवणार कुठून.

न्यूजर्सीची_वहिनी

इकडचं सांगते. अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ पासून सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी प्रिस्क्रिप्शन न लागता दुकानातून मशीन मिळतात, १८ वर्षांवरच्यांना. त्याआधी दर ऐकून माणूस परत फिरायचा, मूळ मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) मशीनचे पैसे देत नाही. २०२४ मध्ये तर एअरपॉड्स प्रो या इअरफोनला सुद्धा मशीनसारखं वापरायची मंजुरी मिळाली. माझे सासरे इथे आले होते तेव्हा त्यांना मशीन नको होतं पण एअरपॉड घालून फिरायला मात्र आवडलं, कारण ते 'नातवासारखं' दिसतं म्हणे! म्हातारपणाची खूण नको, फॅशन चालेल 😄

कर्णोपकर्णी

सौम्य असेल तर ठीक आहे. मेतकूटच्या बाबांचं वर्णन मध्यमच्या पुढचं वाटतंय, तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि एक गोष्ट सगळ्यांनी लिहूनच ठेवा: एका कानाचं ऐकणं अचानक गेलं, सकाळी उठल्यावर एक कान बंद वाटला, तर 'सर्दी असेल' म्हणून आठवडा घालवू नका, त्याच दिवशी ईएनटी गाठा. त्यावर स्टेरॉइड देतात आणि ते लवकर दिलं तरच उपयोग होतो.

सोलकढी

कानाचं चाललंय त्यात मी नाक घालते 😀

माझ्या सासूबाई, ७६, रत्नागिरी. हात असा की त्यांची आमटी खाल्लेला माणूस आमच्याकडचं नाव काढायचा. गेली दोन-तीन वर्षं सगळं खारट. कुणी बोलत नाही, सगळे गुपचूप भातावर ताक घेतात. मध्यंतरी फ्रीजमधली आंबलेली उसळ त्यांनी गरम करून वाढली, त्यांना वास आलाच नाही. आणि मग खरी भीती: एकदा मी बाहेरून आले तर गॅसचा वास अंगणापर्यंत, शेगडीचा कॉक अर्धा उघडा, आणि त्या तिथेच खुर्चीवर माळ घेऊन बसलेल्या. त्यांना काही जाणवलंच नव्हतं. बीपीची गोळी चालू आहे, साखर नाही. हे वयामुळे का आणखी काही?

गोळीऔषध

नगर जिल्ह्यात खेड्यात जनरल प्रॅक्टिस करतो, इंटरनेटवरून निदान करत नाही, सर्वसाधारण लिहितो.

वयानं जीभ फार कमी बिघडते, नाक जास्त बिघडतं. आपण जिला चव म्हणतो त्यातली बरीचशी नाकाची असते, जिभेला खारट-गोड-आंबट-कडू आणि मांसाच्या रश्शाची असते तशी चव, एवढंच. वास गेला की पदार्थ सपक लागतो आणि हात मिठाच्या बरणीकडे जातो. त्यात बीपी असेल तर बघायलाच नको. शिवाय औषधांनी तोंड कोरडं पडतं, काहींना मधुमेहाच्या मेटफॉर्मिननं तोंडाला धातूची चव येते, कवळी टाळूवर बसते. म्हणून आधी औषधांची पिशवी घेऊन डॉक्टरकडे जा. मीठ कमी करायचं असेल तर सपक देऊ नका, कोकम, लिंबू, आलं, हिंग-जिऱ्याची खमंग फोडणी वाढवा. कोकणात हे मी सांगायला नको.

गॅसचं लगेच करा. एलपीजीला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन मिसळतात. म्हणजे घराची सगळी सुरक्षा एका नाकावर सोपवलेली आहे आणि तेच नाक गेलंय. गॅस गळतीचा अलार्म मिळतो, तो घ्या, आणि भिंतीवर वर लावू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साठतो, त्यामुळे अलार्म खाली फूटभर उंचीवर. मी घरोघरी बघितलंय, इलेक्ट्रिशियन तो हौसेनं डोळ्यांच्या उंचीवर लावून जातो. अलार्मचा आवाज त्यांना ऐकू येतो का तेही बघा, बारीक पट्टीचा असेल तर वर कर्णोपकर्णी यांनी लिहिलंय तेच होणार.

वास जाण्याकडे मी हल्ली दुर्लक्ष करत नाही. शिकागो विद्यापीठाच्या लोकांनी ५७ ते ८५ वयाच्या सुमारे ३००० जणांना पाच वास ओळखायला दिले आणि पाच वर्षांनी कोण हयात आहे ते बघितलं, २०१४ ला छापलं. ज्यांना वास येतच नव्हता त्यांच्यातले ३९ टक्के गेले होते, ज्यांचं नाक शाबूत होतं त्यांच्यातले १० टक्के. वास गेल्यामुळे माणूस मरतो असं नाही, शरीरात काहीतरी चाललंय याची ती चाहूल असावी. पार्किन्सनमध्ये हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी वास गेलेला असतो. म्हणून बाईंची चाल, लिहिणं, चेहऱ्यावरचे हावभाव याकडेही एकदा डॉक्टरनं बघावं. घाबरू नका, बहुतेकांचं नुसतं वय, जुनी सर्दी किंवा कोविडनंतरचं असतं.

सोलकढी

अलार्म आजच मागवला. कोविड झाला होता त्यांना, दुसऱ्या लाटेत! वास तेव्हा गेला होता, परत आला म्हणाल्या होत्या. त्यावर काही करता येतं का?

गोळीऔषध

वासाचा सराव म्हणून एक प्रकार आहे, जर्मनीत ड्रेस्डेनला २००९ मध्ये त्याचा पहिला अभ्यास झाला. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग, हे चार वास दिवसातून दोनदा थोडा थोडा वेळ हुंगायचे, हुंगताना तो वास आठवायचा, असं निदान १२ आठवडे. आपल्याकडे चारही घरात असतात. विषाणूमुळे गेलेल्या वासाला बऱ्यापैकी उपयोग होतो, निव्वळ वयामुळे गेलेल्याला मी फार आशा लावत नाही. खर्च शून्य, करून बघा. निलगिरी तेल बाटली उघडून लांबूनच, नाकात थेंब वगैरे अजिबात नाही.

पिंपळपान

हे इथे लिहावं की नाही कळत नाहीये पण लिहिते. माझी आजी ८६, सातारा जिल्हा, डोळ्यांच्या पडद्याचा त्रास आहे, मधलं दिसत नाही कडेचं दिसतं. गेल्या वर्षी ती सांगायला लागली की ओटीवर लहान लहान मुलं येऊन बसतात, छान कपडे घातलेली, काही बोलत नाहीत, तिच्याकडे बघतात आणि जातात. कधी भिंतीवर नक्षी दिसते, जाळीदार, रांगोळीसारखी. ती घाबरत नाही, तिला माहितीये की ती खरी नाहीत, 'आली बघ गं परत' म्हणते. बाकी डोकं एकदम शाबूत, अजून दुधाचा हिशोब तोंडी करते.

घरात काय काय झालं ते विचारू नका. मोठ्या काकांनी ठरवलं वेड लागलं. काकूनं एका देवऋषाला आणलं, त्यानं नारळ, लिंबं, अंगारा. मावशी म्हणाली पितर आहेत, श्राद्ध राहिलंय. शेवटी डोळ्यांच्या नेहमीच्या तपासणीला गेल्यावर आजीनंच डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या आजी, हे बऱ्याच जणांना दिसतं, कुणी सांगत नाही एवढंच.

गोळीऔषध

बरं झालं लिहिलंत. याला चार्ल्स बोनेट सिंड्रोम म्हणतात. बोनेट हा जिनिव्हाचा निसर्गअभ्यासक, त्याच्या आजोबांना मोतीबिंदूनं दिसेनासं झालं होतं आणि त्यांना माणसं, पक्षी, इमारती दिसायच्या, ते त्यानं १७६० मध्ये लिहून ठेवलं. डोळ्याकडून येणारी माहिती कमी झाली की मेंदूचा बघण्याचा भाग रिकामा बसत नाही, स्वतःच चित्रं तयार करतो. ती मुकी असतात, आवाज नसतो, आणि माणसाला बहुधा माहीत असतं की हे खरं नाही. वेड नाही, भूत नाही, पितरही नाहीत. दिसायला लागलं की उजेड वाढवावा, नजर इकडेतिकडे फिरवावी, डोळ्यांची उघडझाप करावी, बरेचदा जातं. पण चित्रांबरोबर आवाजही यायला लागले, किंवा माणूस गोंधळलेला वाटला, किंवा ती खरीच आहेत असं म्हणायला लागला, तर मग ते वेगळं, तेव्हा दाखवा.

म्हातारी माणसं हे सांगत नाहीत कारण सांगितलं की घरचे काय करतात ते पिंपळपान यांनी लिहिलंच आहे.

खडूस_काका

देवऋषाची फी कानाच्या मशीनपेक्षा कमी असते हे मात्र खरं.

सडेतोड

काका 😂 मान्य.
बरं मला एक सांगा, आईचा मोतीबिंदू अजून पिकला नाही म्हणून थांबलोय. कधी करतात?

गोळीऔषध

पिकायची वाट बघणं हे जुन्या पद्धतीचं. तेव्हा अख्खं भिंग काढायचे, म्हणून ते कडक होऊ द्यायचे. आता बारीक छेदातून आतल्या आत विरघळवून काढतात आणि तिथेच नवीन भिंग बसवतात, त्यामुळे रोजच्या कामात अडायला लागलं की करायचं. उलट फार पिकला तर ऑपरेशन अवघड होतं. काचबिंदूचं मात्र वेगळं. तो बहुधा दुखत नाही, कडेची नजर खात येतो आणि गेलेली परत येत नाही, तो फक्त तपासणीत सापडतो. घरात कुणाला असेल तर चाळिशीनंतर सगळ्यांनी डोळ्यांचं प्रेशर बघून घ्यावं. आणि थेंब एकदा चालू झाले की 'बरं वाटतंय' म्हणून बंद करायचे नसतात, माझ्याकडचे निम्मे पेशंट तेच करतात.

ढब्बू_मिरची

मोतीबिंदूवरून आठवलं, माझ्या आत्याचं ऑपरेशन झालं आणि तिसऱ्या दिवशी तिनं स्वयंपाकघरातले सगळे डबे काढून घासले. म्हणाली एवढी घाण होती आणि कुणी बोललं नाही! मग आरशात बघून म्हणाली, हे तर कुणी सांगायलाच हवं होतं. पिवळ्या दिसणाऱ्या पांढऱ्या साड्या परत पांढऱ्या झाल्या ते वेगळंच.

मेतकूट_भात

आईच्या जिन्याचं काय? चष्मा नवीनच आहे, प्रोग्रेसिव्ह.

गोळीऔषध

तोच जिन्यावर नडतो. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकलचा खालचा भाग वाचायचा असतो, जिना उतरताना माणूस नेमका त्यातूनच बघतो आणि पायरी धूसर दिसते. जिन्यासाठी आणि बाहेर चालण्यासाठी साधा लांबचा चष्मा वेगळा ठेवायचा. दुसरं उजेड. साठीत बाहुली लहान होते आणि भिंग पिवळं पडतं, विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो त्याच्या साधारण एक तृतीयांशच पोचतो. आपल्याला पुरेसा वाटणारा झिरोचा बल्ब त्यांना अंधार आहे. जिन्यात चांगला दिवा, आणि प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळ्या ऑइलपेंटचा दोन बोटं रुंद पट्टा. एका रंगाची शहाबादी फरशी असेल तर पायरी कुठे संपते हे दिसतच नाही.

आणि एक विचारा आईला: बेसिनवर वाकून डोळे मिटून तोंडावर पाणी मारताना तोल जातो का? हा प्रश्न मी सगळ्यांना विचारतो. जात असेल तर पायांची जाणीव कमी झालीये आणि तोल डोळ्यांच्या भरवशावर चाललाय, डोळे मिटले की आधार गेला. मधुमेह किंवा बी-ट्वेल्व्ह कमी असणं ही नेहमीची कारणं. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन आणि शुद्ध शाकाहार असेल तर बी-ट्वेल्व्ह बघाच. दवाखान्यात १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क पायाच्या अंगठ्यावर ठेवून थरथर कळते का ते बघतात, दोन मिनिटांचं काम. अशा पायांना गरम पाण्याची पिशवी कधीच द्यायची नाही, भाजतं आणि कळत नाही, मी फोड आलेले पाय दर हिवाळ्यात बघतो.

कूस बदलल्यावर खोली गरगर फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते, असं असेल तर मात्र ते पाय-डोळे नव्हे, कानातले कण जागा सोडून फिरतायत. त्याला महिनोन्महिने चक्करेच्या गोळ्या खायची गरज नसते, डोकं विशिष्ट क्रमानं फिरवून ते कण जागेवर नेतात, एप्ली म्हणतात त्याला. जाणकाराकडूनच करून घ्या.

मेतकूट_भात

विचारलं. आई म्हणाली 'तुला कसं कळलं?' भिंतीला कपाळ टेकवून तोंड धुते म्हणे, कित्येक महिने. आम्हाला कुणाला माहितीच नाही. सोमवारी रक्त तपासतोय.

पाऊलवाट

खर्चाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची, केंद्र सरकारची, ऐकण्याची तपासणी तिथे खूप स्वस्तात होते. ६० वर्षांवरच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या किंवा महिना १५ हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या लोकांना केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून कानाचं मशीन, चष्मा, काठी, कवळी मोफत मिळते, त्याची शिबिरं लागतात, २०१७ पासून चालू आहे. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना वेगळी, तिच्यात ६५ वर्षांवरच्यांना अशी साधनं घ्यायला एकदाच ३००० रुपये खात्यात येतात, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत हवं. ३००० मध्ये बरं मशीन येत नाही हे मला माहितीये, पण चष्मा आणि काठी येते. समाजकल्याणच्या कार्यालयात चौकशी करा.

मेतकूट_भात

अपडेट देते. दुसऱ्या ऑडिओलॉजिस्टकडे नेलं, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या, कर्णोपकर्णी यांनी खाजगी निरोपात सांगितलं होतं तेच बघून. उजव्या मशीनचा आवाज जवळजवळ येतच नव्हता. टोकाला एक मोहरीएवढी पांढरी जाळी असते, मळ आत जाऊ नये म्हणून, ती गच्च भरलेली. त्यांनी चिमुकल्या काडीनं जुनी काढून नवी बसवली, दोन मिनिटं. एवढ्यासाठी सहा-सात महिने महागाची वस्तू बांगड्यांशेजारी पडून. आणि बाबा डावं-उजवं उलटं घालत होते, लाल खूण उजव्याला आणि निळी डाव्याला असते हे कुणी दाखवलंच नव्हतं त्यांना. मग सेटिंग पुन्हा केलं.

आता रोज घालतात असं नाही म्हणणार. दुपारच्या बातम्यांना आणि नातीचा व्हिडिओ कॉल आला की घालतात. पहिल्या दिवशी म्हणाले पेपर केवढा वाजतो, आणि पापड खाताना डोक्यात दगड फोडल्यासारखं होतं, काढून ठेवलं.

कर्णोपकर्णी

पापड चालेल हळूहळू 🙂 इतकी वर्षं न ऐकलेले आवाज मेंदूला नवीन असतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला तो पुन्हा शिकतो, काही आठवडे जातात. पहिले दिवस घरात, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना, तासभर. मग दोन तास. बाजार आणि लग्न सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलटं करतात, मशीन घेतलं की थेट लग्नाला नेतात आणि त्याच दिवशी ते कायमचं डबीत जातं.

घरच्यांनी करायचं ते: आधी नावानं हाक मारा, समोर या, तोंडावर उजेड पडेल असे बसा, दुसऱ्या खोलीतून बोलू नका, टीव्ही बंद करून बोला. कळलं नाही तर तेच वाक्य मोठ्यानं नको, वेगळ्या शब्दांत सांगा. 'साखर संपली' नाही कळलं तर 'चहाला साखर राहिली नाही, आणायची आहे'. चहा शब्दावरून बाकीचं लागतं.

खडूस_काका

बॅटरीचं कुणी शिकवत नाही म्हणून लिहितो. ती बटणाएवढी बॅटरी हवेवर चालते, मागे रंगीत चिकटपट्टी असते, तपकिरी म्हणजे ३१२ नंबर, केशरी म्हणजे १३. चिकटपट्टी काढली की लगेच कोंबायची नाही, मिनिटभर हवा लागू द्यायची, मग घालायची. एकदा काढली की परत चिकटवून फायदा नाही, बॅटरी संपतच राहते. रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवून मशीन डबीत. आणि औषधाच्या बाटलीत येणाऱ्या ओलावा शोषायच्या पुड्या फेकू नका, त्या डबीत टाका, पावसाळ्यात घाम आणि दमट हवेनं मशीन मरतं. रिचार्जवालं असेल तर हा सगळा उपद्व्याप नाही पण ते मोबाईलसारखं रोज लावायची आठवण हवी.

सोलकढी

रत्नागिरीच्या हवेत तर पुड्या पण भिजतील काका.

खडूस_काका

सिलिकाचे निळे खडे मिळतात, गुलाबी झाले की तव्यावर मंद गरम करायचे, परत निळे होतात. खाण्याच्या तव्यावर नको, नाहीतर सासूबाई आमटीत घालतील.

सोलकढी

😂😂 सांगते त्यांना. त्या सराव करतायत बरं का, लवंग ओळखली काल डोळे मिटून. लिंबू अजून नाही.

सडेतोड

आईच्या मोतीबिंदूची तारीख घेतली, पुढच्या महिन्यात. एक प्रश्न राहिला, दोन्ही डोळे एकदम करतात का वेगवेगळे?

गोळीऔषध

सहसा वेगवेगळे, एक बरा झाला की दुसरा. साखर आणि बीपी आधी ताब्यात आणा, आणि प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणारा माणूस असेल तर सर्जनला आधी सांगायचं असतं, ऑपरेशनच्या वेळी बाहुली ढिली पडते. तुमच्या आईंना लागू नाही, पण इथे वाचणाऱ्या कुणाच्या तरी वडिलांना असेल.